विंधन द्रव

विंधन द्रव म्हणजे जमिनीत खोल छिद्र घेताना त्यातून सतत फिरवला जाणारा द्रव होय. सामान्यतः पाण्यात बेंटोनाइट ही फुगणारी माती कालवून तो तयार करतात. व्यवसायात त्यास ‘मड’ म्हणतात. खडकाचा चुरा वर आणणे, बिट थंड राखणे आणि छिद्राच्या भिंती ढासळू न देणे ही त्याची प्रमुख कार्ये आहेत.

कार्यपद्धती

छिद्र घेतल्यावर भोवतालच्या खडकाचा आधार नाहीसा होतो. द्रवस्तंभाचा दाब तो आधार काही अंशी भरून काढतो. पाण्याचा १०० मीटर उंचीचा स्तंभ तळाशी सुमारे १० वातावरण इतका दाब देतो. बेंटोनाइट किंवा बराइट मिसळल्यास तो वाढतो. द्रवातील पाणी खडकात झिरपताना मातीचे सूक्ष्म कण भिंतीवर पातळ लेप धरतात आणि सुटे कण जागीच राहतात. दाब प्रमाणाबाहेर गेल्यास मात्र खडक फाटतो व द्रव भेगांत नाहीसा होतो. पाणी शोषून फुगणाऱ्या थरांसाठी द्रवात पोटॅशियम क्लोराइड किंवा पॉलिमर घालतात.

बेसॉल्ट प्रदेशातील स्थिती

सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी, लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या दख्खन प्रदेशात वसले आहे. या प्रदेशात घट्ट बेसॉल्टमधील छिद्र बहुधा आधाराविना टिकते. मुरूम, भेगाळ खडक आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधील लाल मातकट पट्टा मात्र ढासळतो. पाण्यासाठीच्या विंधन विहिरी (बोअर) बहुधा दाबलेल्या हवेच्या हातोड्याने घेतात. हवा चुरा वर फेकते, पण भिंतीला आधार देत नाही. म्हणून मुरूम ओलांडून घट्ट खडकापर्यंत केसिंग पाइप बसवतात. त्याखालचा पट्टा ढासळल्यास हातोडा आत अडकू शकतो.

मर्यादा

बेसॉल्टमधील पाणी मुख्यतः भेगांतून येते. भिंत सावरणारा बेंटोनाइटचा लेप त्याच भेगा बुजवू शकतो. तो धुऊन न काढल्यास पाणी असूनही विहीर कोरडी भासते. त्यामुळे अशा विहिरींत केसिंग किंवा कालांतराने विघटन पावणारे पॉलिमर अधिक सोयीचे ठरतात.

भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक छिद्र घेण्यात आले. एवढ्या खोलीवर केवळ पाण्याच्या स्तंभाचाही दाब सुमारे २९० वातावरण भरतो. तेथे हेतू पाणी मिळवण्याचा नव्हता. द्रवाची निवड खडकाच्या प्रकाराइतकीच छिद्राच्या हेतूवर अवलंबून असते.