ऑप्टिकल डिस्क लेखनातील बिघाड व त्यांचे निवारण

ऑप्टिकल डिस्क लेखनातील बिघाड म्हणजे सीडी, डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे डिस्कवर संगणकाद्वारे माहिती उतरवताना अथवा उतरवलेली माहिती पुन्हा वाचताना निर्माण होणाऱ्या अडचणी होत. व्यवहारात या लेखनास 'सीडी राइट करणे' किंवा 'सीडी बर्न करणे' असे म्हटले जाते. दोष सामान्यतः डिस्क, ड्राइव्ह आणि संगणकातील सॉफ्टवेअर या तीनपैकी एका ठिकाणी असतो. तिन्ही ठिकाणच्या दोषांची लक्षणे वरवर सारखीच दिसतात. त्यामुळे एका वेळी एकच घटक बदलून दोषाचे स्थान निश्चित करणे, ही निदानाची मुख्य पद्धत आहे.

इसवी सन २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात लग्नसमारंभांचे चित्रीकरण, कौटुंबिक छायाचित्रे, रुग्णालयातील तपासण्यांच्या प्रतिमा, महाविद्यालयीन प्रकल्प आणि कार्यालयीन दप्तर सीडी व डीव्हीडीवर साठवण्याची प्रथा रूढ झाली. यांपैकी पुष्कळ माहितीची दुसरी प्रत नसते. नव्या संगणकांत ड्राइव्ह नसल्यामुळे जुन्या डिस्क वेळीच वाचून घेण्यास महत्त्व आले आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

कॉम्पॅक्ट डिस्क फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी संयुक्तपणे विकसित केली आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. वाचनासाठी सीडीत ७८०, डीव्हीडीत ६५० आणि ब्ल्यू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण वापरतात. तरंगलांबी जितकी कमी, तितक्या खुणा बारीक आणि धारणक्षमता अधिक. सीडीची क्षमता सुमारे ७०० मेगाबाइट, एकपदरी डीव्हीडीची ४.७ गिगाबाइट आणि एकपदरी ब्ल्यू-रेची २५ गिगाबाइट असते.

डिस्कचे तीन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

• छापील डिस्क : कारखान्यात साच्याच्या साहाय्याने प्लास्टिकवर सूक्ष्म खळगे उमटवून तयार केलेली डिस्क. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ पासून स्वस्त दरात विकलेल्या चित्रपटांच्या डिस्क या प्रकारच्या होत.
• एकदाच लिहिता येणारी डिस्क (सीडी-आर, डीव्हीडी-आर) : हिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्यात कायमचा बदल होतो व तोच खळग्याचे काम करतो.
• पुनर्लेखनक्षम डिस्क (सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू) : हिच्यात धातूंच्या संमिश्राचा थर असतो. उष्णतेने त्याची स्फटिकी रचना बदलते व पुन्हा पूर्ववत करता येते. असे सुमारे एक हजार वेळा करता येते.

घरी लिहिलेली डिस्क छापील डिस्कच्या तुलनेत कमी प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे विकत आणलेली गाण्यांची सीडी व्यवस्थित चालवणारा जुना प्लेअर घरी लिहिलेली सीडी नाकारतो, असे अनेकदा घडते.

निदानाची पद्धत

पुढील क्रमाने तपासणी केल्यास दोष कोठे आहे हे बहुधा स्पष्ट होते.

१. ड्राइव्हमध्ये एखादी छापील डिस्क घालून पाहावी. तीही वाचली जात नसेल, तर ड्राइव्ह, त्याची केबल किंवा संगणकाची रचना यांत दोष आहे.
२. छापील डिस्क वाचली जात असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर कमी वेगाने लेखन करावे. ते यशस्वी झाल्यास दोष आधीच्या डिस्कचा किंवा वेगाचा होता.
३. लेखन झालेली पण न उघडणारी डिस्क दुसऱ्या संगणकावर तपासावी. तेथे ती उघडल्यास पहिल्या ड्राइव्हची वाचनक्षमता कमी झालेली असते.
४. दुसऱ्या सॉफ्टवेअरने, शक्य असल्यास पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीतून, लेखन करून पाहावे. तेथे काम झाल्यास ड्राइव्ह निर्दोष असून मूळ प्रणालीतील मांडणी बिघडलेली आहे.

सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, किंवा याच्या उलट, अशी तक्रार असेल तर ती स्वतंत्रपणे पाहावी लागते. बहुतेक ड्राइव्हमध्ये या दोन प्रकारांसाठी वेगवेगळे लेसर असतात व त्यांपैकी एकच क्षीण झालेला असू शकतो. अशा वेळी ड्राइव्ह बदलणे हाच उपाय उरतो.

ड्राइव्हचे बिघाड

भिंगावर साचलेली धूळ हे वाचनातील अडथळ्यांचे नेहमीचे कारण आहे. हवेच्या फुग्याने ती उडवता येते. भिंग नाजूक स्प्रिंगवर तोललेले असल्याने ते जोराने पुसू नये.

ट्रे अडकल्यास संगणक बंद करून ड्राइव्हच्या दर्शनी भागावरील बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबावी. त्यामुळे ट्रे यांत्रिकरीत्या मोकळा होतो.

जुन्या संगणकांत रुंद चपट्या केबलला दोन उपकरणे जोडलेली असत. त्या दोहोंची मास्टर व स्लेव्ह अशी निवड चुकल्यास ड्राइव्ह दिसत नाही. यूएसबीने जोडलेल्या बारीक ड्राइव्हचे मोठे दुखणे विजेचे असते. यूएसबी २.० चे एक छिद्र ५०० मिलिअँपिअर वीज पुरवते, तर लेखनाच्या वेळी लेसर व मोटर यांची गरज त्याहून अधिक असू शकते. डिस्क वाचली जाते पण लेखन मध्येच तुटते, अशा वेळी हब न वापरता ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा किंवा दोन छिद्रांतून वीज घेणारी केबल वापरावी.

तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. या वेगात तडकलेली डिस्क फुटून ड्राइव्ह निकामी होतो.

सॉफ्टवेअरचे बिघाड

विंडोज प्रणालीत ड्राइव्ह एकाएकी नाहीसा होतो व डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि कोड १९, ३९ किंवा ४१ दिसतो. लेखनाचे एखादे सॉफ्टवेअर अर्धवट काढून टाकले गेले असल्यास असे घडते. त्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत केलेल्या 'अपरफिल्टर्स' व 'लोअरफिल्टर्स' या नोंदी मागे राहतात आणि अस्तित्वात नसलेला प्रोग्रॅम शोधत राहतात. रजिस्ट्रीची प्रत जपून ठेवून सीडी व डीव्हीडी ड्राइव्हच्या विभागातील या दोन नोंदी काढल्या व संगणक पुन्हा सुरू केला, की ड्राइव्ह परत दिसू लागतो. त्यानंतर लेखनाचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागू शकते.

एकाच संगणकावर लेखनाची दोन-तीन सॉफ्टवेअर असणे हेही बिघाडाचे कारण ठरते. डिस्क पेन ड्राइव्हप्रमाणे वापरू देणारे इनसीडी, डायरेक्टसीडी यांसारखे प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालू राहून ड्राइव्ह अडवून ठेवत.

विंडोज एक्सपीमध्ये वाचनाच्या चुका वारंवार झाल्यास प्रणाली ड्राइव्हला डीएमए या जलद पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर आपोआप नेते. परिणामी लेखन अतिशय मंदावते. डिव्हाइस मॅनेजरमधील संबंधित आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास जलद पद्धत पूर्ववत होते.

भारतात विंडोजवर नीरो बर्निंग रॉम हे जर्मन सॉफ्टवेअर विशेष प्रचलित होते. विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये विंडोजसाठी इमगबर्न आणि लिनक्ससाठी के३बी व ब्रासेरो ही नावे परिचित आहेत.

लेखनातील त्रुटी

लेखन सुरू करण्यापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळील राखीव भागात लेसरच्या शक्तीची चाचणी घेतो. येथेच अपयश आल्यास 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' असा संदेश येतो. डिस्कचे रंगद्रव्य ड्राइव्हच्या ओळखीचे नसणे, लेसर क्षीण होणे किंवा वीज अपुरी पडणे ही त्याची कारणे होत. डिस्क बदलणे, वेग कमी करणे आणि निर्मात्याने दिलेले नवे फर्मवेअर बसवणे, या क्रमाने उपाय करावेत.

'बफर अंडररन' म्हणजे लेसरला लिहिण्यासाठी माहिती वेळेत न मिळणे. पूर्वी एवढ्याने डिस्क वाया जात असे. २००० च्या सुमारास सान्यो कंपनीच्या बर्न-प्रूफ तंत्रामुळे लेखन थांबवून त्याच जागेपासून पुढे चालू करता येऊ लागले.

'जागा अपुरी' हा संदेश पुष्कळदा मोजमापातील फरकामुळे येतो. निर्माते गिगाबाइट दशमान पद्धतीने मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीत विंडोजच्या हिशेबाने सुमारे ४.३८ गिगाबाइट एवढेच मावते.

लेखन संपल्यावर 'पडताळणी' हा पर्याय निवडणे अगत्याचे आहे. लेखन पूर्ण झाल्याचा संदेश केवळ लेसरचे काम संपल्याचे सांगतो. डिस्कवरील मजकूर मूळ फाइलींशी जुळतो की नाही, हे पडताळणीनंतरच कळते.

देवनागरी नावांच्या फाइली

सीडीसाठी वापरली जाणारी आयएसओ ९६६० ही मांडणी मूळ स्वरूपात फाइलींच्या नावांत केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा स्वीकारते. त्यामुळे मराठी नावांच्या फाइली या मांडणीत लिहिल्यास नावे बिघडतात, मात्र आतील मजकूर शाबूत राहतो. यावर जोलिएट किंवा यूडीएफ मांडणी निवडणे हा उपाय आहे. जोलिएटमध्ये नावाला ६४ अक्षरचिन्हांची मर्यादा असून काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र मोजली जाते. त्यामुळे लांब मराठी नावे तुटतात व ती आधीच आटोपशीर ठेवणे हिताचे ठरते.

जुन्या डिस्कवरील मराठी मजकूर उघडूनही निरर्थक रोमन अक्षरे दिसत असतील, तर तो डिस्कचा दोष नसतो. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये तो टंकलेला असतो. मूळ फाँट बसवून किंवा परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो.

संगणकावर चालणारी पण प्लेअरवर न चालणारी डिस्क

लेखनानंतर डिस्क 'फायनलाइज' म्हणजे बंद केली नसेल, तर घरगुती प्लेअर ती ओळखत नाही. ज्या यंत्राने लेखन केले त्याच यंत्रात ती बंद करणे श्रेयस्कर.

परदेशातील मराठी कुटुंबांना दोन अडचणी विशेष जाणवतात. पहिली दूरचित्रवाणीच्या पद्धतीची. भारतात पाल, तर अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती. त्यामुळे महाराष्ट्रात तयार केलेली लग्नाची डीव्हीडी अमेरिकेतील अनेक प्लेअरवर चालत नाही. संगणकावर मात्र ती दिसते. दुसरी अडचण प्रदेश-संकेतांकाची. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर भारतासाठी ५ व अमेरिकेसाठी १ असा संकेतांक असतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये हा प्रदेश केवळ पाच वेळा बदलता येतो व त्यानंतर तो कायम होतो. घरी लिहिलेल्या डिस्कला सहसा असा संकेतांक नसतो.

हवामान व साठवण

लिहिलेल्या डिस्कसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे शहरातील डिस्क पेटीत उभ्या, अंधाऱ्या व कोरड्या जागी, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवणे आवश्यक ठरते. सूर्यप्रकाशाने रंगद्रव्य फिके पडते.

मिठी नदी पवईकडून मरोळ, साकीनाका, कुर्ला या भागांतून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि नदीला महापूर आला. अशा पुरात भिजलेली डिस्क लगेच टाकून देऊ नये. चिखल न घासता स्वच्छ पाण्याने धुवून, उभी ठेवून सावलीत वाळवल्यास ती पुष्कळदा वाचता येते. कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्कचे मात्र अधिक नुकसान होते, कारण ओले लेबल सुटताना परावर्तक थर ओढून नेऊ शकते.

सीडीत परावर्तक थर लेबलाच्या बाजूस पातळ लेपाखालीच असतो. म्हणून त्या बाजूचा ओरखडा चकचकीत बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक असतो. डीव्हीडीत हा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे, गोलाकार फिरवू नये.

खराब डिस्कमधून माहिती मिळवणे

वाचनात वारंवार अडथळा येत असल्यास तीच डिस्क निरनिराळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण प्रत्येक ड्राइव्हची चुका दुरुस्त करण्याची क्षमता वेगळी असते. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेतो, मग अवघड भागांकडे वळतो आणि कोणता भाग राहिला याची नोंद ठेवतो. त्यामुळे एका ड्राइव्हने सोडलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हने भरून काढता येतो.

पुरावा म्हणून उपयोग

न्यायालयात सीडी सादर करताना तिची वाचनीयता पुरेशी नसते. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' हे प्रकरण २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवले. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण सीडीच्या रूपात पुढे आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला, की मूळ उपकरण हजर केलेले नसल्यास भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. डिस्कवरील एक अक्षर जरी बदलले, तरी हे मूल्य बदलते. म्हणून अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग न करता आधी तिची हुबेहूब प्रतिमा घेतात व मूळ डिस्क जपून ठेवतात.

सद्यस्थिती

पेन ड्राइव्ह व इंटरनेटवरील साठवणीमुळे डिस्क लेखनाचा वापर घटला. कोऱ्या डिस्कच्या निर्मितीत अग्रेसर असलेली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. मुंबईत जुने सुटे ड्राइव्ह व यूएसबीने जोडता येणारे नवे ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात मिळतात. जतनाच्या दृष्टीने जुन्या डिस्कवरील माहिती हार्ड डिस्कवर उतरवून, पडताळून, तिच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची शिफारस केली जाते.