हस्तिदंती बिजागरी

वाङ्मयेतिहासाप्रमाणे गुडघेरोपणाचा इतिहासही सरळ प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो तसा वाटत नाही. 1890 मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लूक यांनी क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने ती फसली. 1951 मध्ये स्वीडनच्या वाल्डियस यांनी पुन्हा बिजागरीच योजली. पण गुडघा नुसता दुमडत नाही, किंचित वळतोही. त्या ताणाने ती हाडात सैल होई. 1974 मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी बिजागरी वगळून सांध्याचे केवळ पृष्ठभाग बदलले, स्थैर्य रुग्णाच्याच अस्थिबंधनांवर सोपवले. मात्र अतिशय वाकलेल्या काही गुडघ्यांत ही बंधनेच निकामी झालेली असतात. तेथे आजही बिजागरीच लागते. फक्त आता ती वळूही शकते. मग ग्लूक यांच्या कल्पनेस आपण फसलेली म्हणावे काय?