मुंबईच्या प्लेगचा वक्र

बेंगळुरूतील चामराजपेट १८९२ साली आखले गेले. सहाच वर्षांनी त्या शहरात प्लेग शिरला आणि त्यानंतर बसवनगुडी, मल्लेश्वरम या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईत तो दोन वर्षे आधीच आला होता. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. पुढे दरवर्षी तो परतत राहिला आणि मृत्यूंचे साप्ताहिक आकडे नोंदले जात राहिले.

त्यांतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळाचे आकडे १९२७ साली एडिंबरोतील एका शोधनिबंधात अवतरले. लेखक दोन : भारतात कसौलीला काम केलेले डॉक्टर मॅकेंड्रिक आणि १९२४ च्या प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ करमॅक. निरोगी, बाधित आणि बरे झालेले वा मृत असे लोकसंख्येचे तीन भाग पाडून त्यांनी अवकल समीकरणे मांडली. ती थेट सुटत नाहीत. आज विद्यार्थी रुंगे-कुट्टा पद्धतीने संगणकावर त्यांची उकल क्षणात काढतो. त्या दोघांनी घातांकी पदाचा विस्तार वर्गपदापर्यंतच ठेवला आणि घंटेच्या आकाराचा एक वक्र मिळवला. त्याचे शिखर सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर. मुंबईचे आकडे त्यावर सुरेख बसले.

इतके सुरेख, की शंका यावी. त्या वक्राखालील एकूण मृत्यू भरतात सुमारे ८,९००. शहराची वस्ती तेव्हा नऊ लाखांहून अधिक. सारे शहर धोक्यात होते असे धरून समीकरणे उलट सोडवली, तर रोगी संसर्गक्षम राहण्याचा सरासरी काळ निघतो जेमतेम दोन तास! प्लेगच्या बाबतीत हे अशक्यच. (गणित कागदावर करून पाहण्याजोगे आहे.) साथ ओसरली ती माणसे संपल्यामुळे नव्हे, उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा तो खेळ होता.

मूळ लेखकांना याची जाणीव होती. माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, स्थिरांक खरोखर स्थिर नाहीत, तेव्हा त्यांच्या मूल्यांवरून निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी निबंधातच बजावले होते. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला. इशारा बहुतेक ठिकाणी मागेच राहिला. २०१२ साली फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी त्याच मुंबईच्या आकड्यांकडे परत जाऊन समीकरणांत ऋतुचक्र आणले.