उल्मिल्देच्या छपरावरील स्त्री : एका कोरियन कादंबरीचें मूळ साधन

ऐतिहासिक कादंबरी हातीं आली म्हणजे तिच्या मुळाशीं अस्सल कागद किती व कल्पना किती, हें संशोधकानें प्रथम पाहावें. दक्षिण कोरियांतील लेखिका पाक सोल्योन यांच्या २०१८ सालच्या, हांक्योरे साहित्य पारितोषिक मिळालेल्या कादंबरीविषयीं तर हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. तिची नायिका कांग जु-र्योंग ही खरीखुरी व्यक्ति असून प्याँगयांग येथील रबरी जोड्यांच्या कारखान्यांत मजुरी करीत असे.

हकीकत अशी. कोरियावर तेव्हां जपानचा अंमल होता. १९३१ च्या मे महिन्यांत कारखान्याच्या मालकांनीं मजुरींत शेंकडा १७ कपात जाहीर केली. ४९ कामकरी स्त्रियांनीं संप पुकारून पुढें उपोषण मांडलें. पोलिसांनीं त्यांस रात्रीं कारखान्याबाहेर हांकलून दिलें. कांगनें गळफासासाठीं सुती कापड विकत घेतलें. परंतु मुकाट्यानें मरण्यापेक्षां आधीं बोलावें असें मनांत येऊन, त्याच कापडाच्या आधारें ता. २९ रोजीं ती उल्मिल्दे नामक तटावरील प्राचीन मंडपाच्या छपरावर चढली. उंची सुमारें १२ मीटर. खालीं जमलेल्या लोकांस तिनें सांगितलें कीं, प्रश्न ४९ जणींचा नाहीं. ही कपात चालूं दिली तर शहरांतील २,३०० रबर-कामगारांवर तीच पाळी येईल. सुमारें नऊ तासांनीं पोलिसांनीं तिला खालीं आणलें. कपात अखेर मागें घेण्यांत आली. जूनमध्यें तिला पुन्हा अटक झाली. आजारामुळें जामिनावर सुटल्यावर ऑगस्ट १९३२ मध्यें ती वारली.

आतां साधनाकडे वळूं. ‘तोंगग्वांग’ मासिकाच्या जुलै १९३१ च्या अंकांत तिची मुलाखत आली. घेणारानें टोपणनांव धारण केलें आहे. बालपणीं मांचूरियाकडे झालेलें स्थलांतर, पांच वर्षांनीं लहान नवरा, त्याचें स्वातंत्र्यसैनिकांत जाणें व मरण, आणि नवऱ्यास मारल्याचा सासरच्यांनीं घेतलेला आळ, ही सारी माहिती मुख्यतः या थोड्या पानांवर उभी आहे. पुढाऱ्यांचीं दप्तरें जपलीं जातात. मजुरणीचें दप्तर कोण ठेवणार? असा एखादा अंक रद्दींत गेला तर माणूसच नाहींसें होतें.

कादंबरीकर्त्रीनें या त्रोटक निवेदनांतील रिकाम्या जागा भरल्या आहेत. तो तिचा अधिकारच होय. मात्र तिनें रचलेले संवाद व मनोगतें उद्यां कोणी पुरावा म्हणून पुढें केलीं तर आपण तीं नाकारलीं पाहिजेत. बखरीसंबंधीं आपण हेंच करतों. तथापि एक गोष्ट आम्हांस मार्मिक वाटते. २००७ सालीं दक्षिण कोरियाच्या शासनानें कांगला मरणोत्तर पदक दिलें, तें स्वातंत्र्यकार्याबद्दल; कादंबरींत मात्र ती आधीं आपल्या मजुरीसाठीं भांडणारी बाई आहे, आणि मुलाखतीशीं ताडून पाहतां हेंच चित्र अधिक जुळतें.

मासिकानें मथळ्यांत तिला ‘उल्मिल्देवरील अंतराळवासिनी’ म्हटलें होतें. पाक सोल्योन यांनीं तोच शब्द शीर्षकांत घेऊन त्यापुढें तिचें नांव लिहिलें आहे.