घोडे पाणी प्याले कुठले?

यंदा भाद्रपदात मी कासला गेलो तो फुले पाहायला नव्हे. स्वतःची एक चूक निस्तरायला गेलो होतो.

माझ्या एका कादंबरीत थोरल्या शाहू महाराजांची स्वारी शिकारीहून परतताना कासच्या तळ्याकाठी मुक्काम करते. घोडे पाणी पितात, पाण्यातला चंद्र हलतो, आणि महाराजांना मोगलांच्या छावणीत गेलेले आपले बालपण आठवते. हे प्रकरण लिहिताना मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. वाचकांची पत्रेही आली. पण त्यांत एक पत्र होते साताऱ्याच्या एका वृद्ध गृहस्थांचे. कासच्या पाटावर पाण्याची राखण करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मजकूर दोनच ओळींचा : ‘गुरुजी, तळे बांधले इंग्रजी अमदानीत. मग महाराजांचे घोडे पाणी प्याले कुठले?’

वर्गात मुलांच्या सनावळ्या चुकल्या की मी त्यांना उभे करतो. त्या दिवशी मला कोणी उभे केले नाही, एवढेच.

सातारा सोडून यवतेश्वराचा घाट चढू लागलो, तेव्हा चूक किती सोपी होती हे ध्यानात आले. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढू लागले. शहर वाढले की पहिली हाक पाण्याची. त्या काळी पाणी आणले ते याच यवतेश्वराच्या डोंगरावरून, खापरी नळांनी. कासचे तळे हा त्यानंतरचा संसार. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडले, १८४८ साली डलहौसीने राज्यच खालसा केले. त्यानंतर केव्हातरी इंग्रजांनी कासच्या खोलगटात बांध घातला आणि तेथून पाट काढून पाणी साताऱ्यास आणले. कास उंचावर, सातारा खाली. पाणी आपल्या पायांनी उतरत आले. राज्य घेणाऱ्याने पाणी दिले! इतिहासात असे हिशेब फार असतात, आणि ते जुळविण्याच्या भरीस न पडणेच बरे.

साताऱ्यापासून कास सुमारे पंचवीस किलोमीटर. पठार आले आणि गाडीतली आमची बडबड आपोआप थांबली. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, आणि ओलाव्याच्या जागी निळीजांभळी सीतेची आसवे. ‘गालिचा’ हा शब्द या ठिकाणी इतका वापरला गेला आहे की आता त्याची सुते निघाली आहेत; मी तो वापरीत नाही. शिवाय गालिच्याखाली मऊपणा असतो. इथे खाली निव्वळ जांभा. आमच्याकडे अशा जागेला सडा म्हणतात. माती जेमतेम बोटभर ते वीतभर. पावसाळ्यात पाणी खडकात मुरत नाही, साचून राहते. पाऊस सरला की तोच खडक रखरखीत. मोठे झाड मूळ धरील कुठे? म्हणून इथली इवली रोपे चार-दोन महिन्यांत उगवणे, फुलणे, बी धरणे सारे उरकून घेतात. एवढ्या पावसात मातीतला कसही धुऊन जातो. मग सीतेची आसवे, हे इतके करुण नाव धारण करणारे फूल, आपल्या मुळाशी बारीक फुगे बाळगते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून पचविते. ज्याने कोणी हे नाव ठेवले, त्याने ते फुगे पाहिले नसावेत.

वायतुऱ्याला शास्त्रीय नाव मिळाले १९८२ साली, आणि त्या नावात साताऱ्याचे नाव गोवलेले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातल्या चारांत कास एक. तेव्हापासून गर्दीला अंत नाही. एका गृहस्थांनी तर छायाचित्रासाठी आपल्या चिरंजीवांना थेट तेरड्यातच बसविले होते. मी शिक्षकी आवाजात ‘ऊठ!’ म्हटले. मुलगा उठला, वडील रागावले.

तळ्यावर ते वृद्ध गृहस्थ ठरल्याप्रमाणे आले होते. धोतर, डोईला टोपी, हातात काठी. बांधाकडे काठी करून म्हणाले, ‘‘आता याची उंची वाढवली. पाणी पुष्कळ मावतं. आमच्या वेळी पाट उघडा होता. पाला काढत कोस कोस चालायचो.’’

मी चुकीची कबुली दिली. म्हटले, ‘‘दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरणच काढून टाकतो.’’

‘‘काढता कशाला?’’ ते म्हणाले. ‘‘तळं नव्हतं, पण सडा होताच की. भादव्यात खळग्याखळग्यात पाणी असतं. घोड्यांना तेवढं पुरे. आणि फुलं तर तेव्हाही असतीलच.’’

हे मला सुचले नव्हते. तळे ही कालची गोष्ट आणि तेरडा त्याच्या कितीतरी आधीचा. मी मात्र तळे लिहिले होते आणि फुलांना अख्ख्या प्रकरणात एक ओळही दिली नव्हती.

परतताना त्यांनी गाडी पठारावर थांबवायला लावली. काठीने एक खळगा दाखविला. ओंजळभर पाणी, कडेने सीतेची आसवे. ‘‘इथं लिहा,’’ म्हणाले. मग वाकून पाण्यात पडलेला कागदाचा कपटा त्यांनी बोटांनी उचलला आणि सवयीने खिशात घातला.