आधी पाणी, मग मासा

मागच्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवायचीय. केवढी घेऊ? आणि मासे कुठले टाकू?" मी काही मत्स्यपालनातला जाणकार नव्हे. पण जुन्या निसर्ग-अभ्यासकांची पुस्तके मिळतील तिथून मिळवून वाचायचा नाद मला गेली वीस वर्षे आहे, आणि तो घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

या प्रश्नाशी माझे जुने देणेही आहे. शाळेत असताना मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय पाहून मी भारावून गेलो होतो. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूने माझ्यासारख्या कितीतरी पोरांना काचेआडचा समुद्र पहिल्यांदा दाखवला. पुढच्याच रविवारी वांद्र्याच्या खडकांतल्या डबक्यातून मी बोटभर लांबीचे दोन मासे पकडले आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, समुद्राच्याच पाण्यात, घरी आणले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पालथे तरंगत होते. पाणी समुद्राचे, मासे समुद्राचे. मग चुकले काय? हे कोडे सुटायला मला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत जावे लागले.

तिथे १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. त्याआधीच नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी बंद काचपेटीत झाडे जगवून दाखवली होती. झाडे जगतात, तर जलचर का नाहीत, असा विचार आता अनेकांच्या डोक्यात घोळू लागला.

समुद्री जिवांच्या बाबतीत पहिले मोठे यश आले ते ॲना थिन या बाईंना. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ मिळाले. सुईदोऱ्याने ते स्पंजाला टाचून त्यांनी लंडनला आणले. समुद्राचे पाणी दरवेळी दुरून मागवणे परवडेना. तेव्हा त्यांनी साधा उपाय केला. उघड्या खिडकीपाशी उभे राहून घरातली दासी रोज अर्धा-पाऊण तास तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. हवा पाण्यात मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढे थिनबाईंनी समुद्री शेवाळही आणून ठेवले. आज टाकीला लावलेला छोटा पंप जे काम करतो, ते आधी दोन हातांनी केले होते. मत्स्यालयाच्या इतिहासात या दासीचा उल्लेख ओझरताच येतो.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ. १८५०मध्ये त्यांनी आपला प्रयोग मांडला. बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५४ लिटर मावेल असे काचेचे भांडे, त्यात गोडे पाणी, दोन छोटे सोनमासे, एक पाणवनस्पती आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगाई. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो घेतात, गोगलगाई घाण साफ करतात आणि पाणी न बदलता सगळे जगते. १८५२पासून त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले. माझे लक्ष मात्र आकड्यांवर खिळले. आजच्या दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जवळपास तेवढेच पाणी मावते. त्यात वॉरिंग्टन यांनी मासे ठेवले फक्त दोन.

नंतर आले फिलिप हेन्री गॉस. १८५३च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्यात गॉस यांनी जमवलेले जीव होते. १८५४ साली त्यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि हा शब्द इंग्रजीत घरोघरी पोहोचला. पुढच्याच वर्षी त्यांनी नवशिक्यांसाठी छोटी पुस्तिका काढली. चार क्षार मोजून घरी समुद्राचे पाणी कसे बनवावे, हेही त्यांनी सांगितले. कादंबरीकार जॉर्ज एलियट आणि त्यांचे सहचर लुईस हेसुद्धा १८५६मध्ये इल्फ्राकोमच्या खडकांत बरण्या घेऊन हिंडत होते. पण १८६०चे दशक संपायच्या आत ही लाट ओसरली. बहुतेक घरांतल्या टाक्यांत पाणी नासत होते.

का नासत होते? वॉरिंग्टन यांच्या हिशेबात प्राणवायू होता, पण अमोनिया नव्हता. माशाच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट. हे काम सजीवांचे आहे, हे १८७७मध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी दाखवले. ते जिवाणू विनोग्राडस्की यांनी वेगळे काढले १८९०च्या सुमारास. म्हणजे टाकी आधी आली आणि ती का चालते, हे कळायला चाळीस वर्षे लागली. माझ्या बरणीत हे जिवाणू पुरेसे नव्हते, हवा नव्हती, आणि विष साठायला पाणी मात्र जेमतेम दोन लिटर होते.

शास्त्र कळण्याआधीच अनुभवाने योग्य वाट धरणारा माणूस होता विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये त्यांचे मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान होते. पुढे १८७१मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाची व्यवस्था त्यांनी लावली. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांनी कितीतरी पट मोठा अंधारा हौद बांधला आणि त्यातले पाणी सतत फिरते ठेवले. पाणी भरपूर आणि जीव थोडे, हे त्यांचे सूत्र.

भाच्याला मी हेच आकड्यांत सांगितले. समजा चाळीस लिटरच्या टाकीतून दिवसात एक लिटर पाणी उडाले. मीठ उडत नाही. त्यामुळे लिटरमागे ३५ ग्रॅम असलेला खारेपणा एका दिवसात जवळपास ३६वर जातो. तेच दोनशे लिटरच्या टाकीत घडले, तर फरक जाणवतही नाही. छोटी टाकी सोपी असते हा समज उलटा आहे, तिथे चूक सुधारायला वेळच मिळत नाही. म्हणून अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ११० लिटरची टाकी घे. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडे पाणी घाल, खारे नव्हे.

माशांच्या बाबतीतही जुनी माणसे कामी आली. गॉस यांच्या काळात टाकीत टिकले ते ओहोटीच्या डबक्यांतले छोटे मासे, गोबी आणि ब्लेनी. डबके ही निसर्गाचीच छोटी टाकी. उन्हाने तापते, पावसाने गोडावते. तिथला मासा सोसायची सवय घेऊनच जन्मतो. आपल्या खाडीतली निवटी याच गोबींच्या नात्यातली. आजही नवशिक्याला एखादा छोटा गोबी आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची जोडी सुचवतात. एवढ्या टाकीला तीन मासे पुरे. निळे डॅम्सेल काटक असतात, पण ते इतरांना छळतात.

क्लाउनफिश निवडण्याचे आणखी एक कारण माझ्या मनात होते. १९७०च्या दशकापासून त्यांची पैदास टाकीतच होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज नाही. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७च्या आपल्या आत्मकथनात एक खंत नोंदवली आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतली जिवंत डबकी पुढे ओसाड झाली. वडिलांचीच पुस्तके वाचून आलेल्या हौशी लोकांनी ती उपसून नेली, आणि वडिलांना ते फार लागले. आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. थिनबाईंनी जे प्रेमाने केले, ते आज आपल्याकडे गुन्हा ठरेल. ते वाचताना मला माझी बरणी आठवली. वांद्र्याचे ते दोन मासेही त्याच हिशेबात येतात.

भाच्याने टाकी घेतली. कोरडे सच्छिद्र दगड, क्षारांचे पाणी, पंप. मासे नाहीत. जिवाणू वाढावेत म्हणून तो अमोनियाचे मोजके थेंब घाली आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासून आकडे वहीत लिही. घरी येणारा प्रत्येक जण विचारी, "अरे, मासे कुठायत?" सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा त्याने मला फोन केला.

"मामा, आता आणू?"

म्हटले, "आण. पण आधी एकच."