पत्रा ठोकणाऱ्यांचा इतिहास

मोटारींच्या इतिहासात ‘लोटस’चे नाव निघाले की पाठोपाठ कॉलिन चॅपमनचे नाव येते. ते योग्यच आहे. पण त्या गाड्यांचा पत्रा कुणी ठोकला, हे सहसा कुणी विचारत नाही. मला मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे एक टोक आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजपर्यंत येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नवी मोटार मिळणे अवघड होते. तयार होणाऱ्या बऱ्याच गाड्या परदेशी विकल्या जात. शर्यतीचा नाद असलेले तरुण मग जुनी ऑस्टिन सेव्हन स्वस्तात घेत आणि तिच्यावर घरीच स्वतःची बॉडी चढवत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकणारा चॅपमन त्यांतलाच एक. १९४८ मध्ये त्याने मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजात १९२८ सालची ऑस्टिन खोलली. जुनी बॉडी काढून ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बसवली. हीच पहिली लोटस.

१९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली आणि ‘मार्क ६’ ही गाडी आली. पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेला तिचा रिकामा सांगाडा जेमतेम २५ किलोचा होता. गाडी सुट्या भागांत विकली जाई, गिऱ्हाईक ती घरी जोडी. तयार गाडीवर भरावा लागणारा खरेदी कर त्यामुळे वाचत असे.

नळ्या मापाने कापून जोडता येतात. गोलाईचा पत्रा तसा जमत नाही. त्यासाठी चॅपमनला उत्तर लंडनमधल्या एडमंटन भागात चार्ली विल्यम्स आणि लेन प्रिचर्ड या दोन पत्रा-कारागिरांकडे जावे लागले. १९५४ पासून विमान कंपनीत काम करणारा फ्रँक कॉस्टिन लोटसचे आकार ठरवू लागला. हवा कापत जाणाऱ्या त्याच्या रेषा कागदावर सुंदर होत्या, पण त्यांना धातूत उतरवले ते या कारागिरांच्या हातांनी.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात. मग वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकतात. मधला भाग ताणला जाऊन फुगतो. नंतर दोन चाकांमध्ये पत्रा पुढेमागे फिरवून घाव सपाट करतात. ठोकून ठोकून ॲल्युमिनियम कडक होते, त्याला पुन्हा तापवून मऊ करावे लागते. पण लोखंडासारखे ते लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना थेट वितळते. म्हणून कारागीर पत्र्यावर साबण चोळतो. ज्योतीने साबण काळपट पडला की हात थांबवायचा. कुठल्याही मीटरशिवाय केलेले हे तापमानाचे मोजमाप!

जोडणे त्याहून कठीण. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते आणि ती वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. गॅस वेल्डिंगमध्ये ती फ्लक्स लावून काढतात. काम झाल्यावर फ्लक्स धुतला नाही तर तोच पत्रा खातो. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, विमानांच्या गरजेतून, टंगस्टनच्या टोकाभोवती हेलियम वायूचे आवरण धरून वेल्डिंग करण्याची पद्धत विकसित झाली. पुढे आरगॉन वापरात आला आणि फ्लक्सची कटकट संपली. पत्रा वाकडा होण्याची भीती मात्र आजही आहे. म्हणून सलग शिवण मारत नाहीत. आधी दूरदूर टाके, मग मधल्या जागा, आणि शेवटी मागे डॉली धरून वरून हातोडी.

आपल्याकडचा कोणताही जुना डेंटर हे वाचून हसेल. त्याला यातले निम्मे पाठ असते.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना मापात चिलखत बनवायला शिकवले, असे कुरआन सांगते. स्वतःच्या हातच्या कमाईवर ते जगत, असे हदीस सांगते. म्हणजे धातुकाम हा एका पैगंबराचा पेशा. महाराष्ट्रातले शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार लावत आले. तरीही ‘शिकला नाही म्हणून गॅरेजला घातला’ हे वाक्य आपल्याच घरांत ऐकू येते. राजे-नवाबांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि ज्याच्या हाताला खरेच हुनर आहे त्याला अडाणी ठरवतो. पोरगा शाळा सोडून गॅरेजला गेला, याचे दुःख असायलाच हवे. पण ते शाळा सुटल्याचे असावे, कामाच्या कमीपणाचे नव्हे.

विल्यम्स आणि प्रिचर्ड यांची नावे आज आपल्याला माहीत आहेत, कारण लोटसचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती नोंदवली. आपल्या गॅरेजांतल्या उस्तादांची नावे कोण नोंदवणार? त्यांच्या शागिर्दांपैकी बरेच जण आज रंगाच्या दुकानात किंवा गाड्या चालवण्याच्या कामात आहेत. नव्या गाडीचा चेपलेला दरवाजा ठोकण्यापेक्षा बदलणे अनेकदा सोपे पडते. उस्ताद गेला की त्याच्या हाताबरोबर विद्याही जाते. आपल्या भागात असा कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. आपला इतिहास असाही लिहिता येतो.